ओट्यांची गल्ली

आटपाडीच्या जुन्या गावठाणात पत्ता विचारावा लागत नाही. एस. टी. स्टँडवरून चालत आलेल्या पाहुण्याने गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन नुसते थबकायचे. कुठल्या तरी ओट्यावरून हाक येतेच, "कुनाकडं जायचं, पावणं?" नाव सांगितले की लगेच उत्तर, "ते व्हय? जावा की सरळ. थोरला मळ्यात गेलाय, म्हातारा हाय घरात. धाकटी सून म्हायेरला गेलीया." पत्त्याबरोबर घरातली हालहवाल फुकट! पाहुणा दारात पोहोचायच्या आत तो येतो आहे ही बातमी पोहोचलेली असते, आणि चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, चहाचे आधण चढलेले असते.

हाच प्रयोग गावाबाहेरच्या प्लॉटांत करून पाहा. रस्ते सरळ आणि रुंद. प्रत्येक घराला लोखंडी फाटक, फाटकाशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत नाव, खाली कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना. पत्ता इतका ठळक लिहिलेला, पण तो सांगायला माणूस नाही. अखेर पाहुणा उन्हात उभा राहून मोबाइल लावतो आणि दहा पावलांवरच्या घरातला यजमान त्याला म्हणतो, "थांबा, लोकेशन पाठवतो."

गंमत अशी, की ही माणसे कुणी परकी नव्हेत. निम्म्याहून अधिक गावठाणातूनच उठून तिकडे गेलेली. ओट्यावर बसून पाहुण्यांची चौकशी करणाऱ्यांचीच ही मुले आणि नातवंडे. गावठाणातून प्लॉटांत चालत जायला पंधरा मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांत माणसाचा स्वभाव कसा बदलेल? माझे आयुष्य विटा-सिमेंटच्या हिशेबात गेले, त्यामुळे मला दोष माणसांपेक्षा आधी भिंतींत दिसतो. 'पूर्वीची माणसे राहिली नाहीत' असे म्हणून सुस्कारा टाकणे सोपे. पण पूर्वीची घरे राहिली नाहीत, हे त्याआधी पाहायला हवे.

आमच्या माणदेशात पाऊस बेताचा. म्हणून इकडची जुनी घरे कोकणासारखी उतरत्या कौलांची नाहीत, माळवदाची आहेत. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर चांगला फूटभर चोपलेला मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत उबदार. घराला घर चिकटलेले, मधली भिंत पुष्कळदा दोघांत एक. दारातून शिरले की सोपा, मागे माजघर, त्यामागे परडे. आणि दाराच्या बाहेर, गल्लीला लागून ओटा. आमच्याकडे त्याला कट्टाही म्हणतात.

या ओट्याची उंची कधी मोजली आहे? मी मोजली आहे. चांगल्या ओट्याची उंची अडीच फुटांच्या आसपास भरते. बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. म्हणजे ओट्यावर बसलेल्याची नजर जमिनीपासून पाच फुटांवर येते, आणि रस्त्याने चालणाऱ्याची नजरही नेमकी तेवढ्याच उंचीवर असते. नजरेला नजर मिळते. दोघांपैकी कुणालाच मान वर किंवा खाली करावी लागत नाही. नजर मिळाली की माणूस काहीतरी बोलतोच, निदान "काय, निघाला का?" एवढे तरी. ज्या गवंड्याने पहिला ओटा बांधला त्याने हे गणित मांडले नसेल. पोत्यातले धान्य बैलगाडीतून उतरवायला सोयीचे, पावसाचे पाणी आत येऊ नये, एवढाच त्याचा हिशेब. पण काही सोयी अशा जोडीने येतात.

ओट्याचा दुसरा गुण असा, की तो कुणाचा हे धड सांगता येत नाही. सारवतो घरवाला, बसतो कुणीही. वाटसरू ओट्यावर टेकला तर परवानगी घेत नाही. पण उंबरा ओलांडायचा तर हाक मारावीच लागते. घर आणि रस्ता यांच्यामधली ही दोन-तीन फुटांची पट्टी अर्धी घराची, अर्धी गावाची. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी 1971 साली इमारतींच्या मधल्या जागेतल्या जीवनावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात घरासमोरच्या या अर्ध्या-खासगी पट्टीचे महत्त्व जगाला समजावून सांगितले. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ते ऐकून म्हणाल्या असत्या, "यात सांगायचं काय त्यात?"

ओटा दिसतो तरी. माळवदाची करामत खालून दिसत नाही. घरे चिकटलेली आणि छपरे सपाट, म्हणून गल्लीच्या वर आणखी एक गल्ली असे. उन्हाळ्यात सगळी आळी वर झोपायला. पापड, कुरडया, शेवया, मिरच्या तिथेच वाळायच्या. एकीचे वाळवण आणि दुसरीची राखण. या छपरावरून त्या छपरावर जायला कमरेएवढी भिंत ओलांडली की झाले. बायकांना यात मोठे स्वातंत्र्य होते. खालच्या ओट्यावर पुरुष बसलेले, तेव्हा सुनांनी तिथे उभे राहायची सोय नव्हती. त्यांचा शेजार वर भरे, किंवा मागे परड्यातून चाले. विरजण, मीठ, विस्तव आणि सासूविषयीच्या गोष्टी यांची ने-आण परड्यातल्या झडपेतून होत असे. ओट्यावर लेख लिहिणारे पुरुष हे विसरतात.

याच छपरांनी भांडणेही लावली, हे सांगायला हवे. पन्हळ कुणाच्या भिंतीवर सोडायची, यावरून दोन-दोन पिढ्या बोलणे बंद. पावसाळ्याच्या तोंडाला माळवदावर पांढरी माती टाकून ते चोपायचे, तर ते एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याने आपले केले नाही तर त्याची गळती आपल्या भिंतीत मुरते. म्हणून भांडलेले शेजारीही जूनच्या आत एकमेकांना निरोप धाडत. प्रेमाने नव्हे, गळतीच्या भीतीने. शेजारधर्माच्या मुळाशी एवढी साधी गरजही असू शकते.

माळवदाचे गोडवे गाताना 30 सप्टेंबर 1993ची पहाट मला विसरता येत नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या घरात माणसे गेली, ती बहुतेक अशाच घरांखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे ओझे. तेव्हापासून माळवदाखाली झोपताना मनात पाल चुकचुकतेच. पुढे तिकडे 52 गावे संपूर्ण नव्या जागी वसवली. घरे मजबूत झाली, रस्ते रुंद आणि काटकोनात आले, घराघरांत मोकळी जागा आली. जमीनधारणेप्रमाणे घरांचे तीन आकार ठरले: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. पुष्कळ ठिकाणी एका आकाराची घरे एकीकडे बसवल्याने जुने शेजारी नव्या गावात पांगले. इतक्या रुंद रस्त्यापलीकडच्या दारात बसलेल्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. जीव वाचवणारे घर बांधायचे आणि गल्लीही जपायची, या दोन्हींचा विचार एकाच कागदावर करायला हवा होता. घाईत ते राहून गेले.

आता नाजूक गोष्ट. गावठाण म्हणजे सगळ्यांचा शेजार, असे कधीच नव्हते. वेशीच्या आत आळ्या जातीच्या, आणि काही माणसे वेशीच्या बाहेरच. शंकरराव खरात याच आटपाडीचे, जन्म 1921चा. त्यांच्या घरी तराळकी होती. हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांचे 'तराळ-अंतराळ' वाचले म्हणजे आमच्या ओट्यांची दुसरी बाजू कळते. जो ओटा वाटसरूला परवानगीविना बसू देतो असे मी वर म्हटले, तो प्रत्येक वाटसरूला बसू देत नव्हता. प्लॉटांतल्या सरळ रस्त्यांचे एक श्रेय म्हणून मान्य केले पाहिजे, की तिथे सातबारा आणि खरेदीखत बोलते, आळी बोलत नाही. निदान कागदावर तरी. जुन्या रचनेतून काय घ्यायचे आणि काय टाकायचे, याची निवड डोळे उघडे ठेवूनच करावी लागते.

भिंत नसलेल्या वसाहतीचे एक उदाहरण तर आमच्या दारातच आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावांच्या हाती दिला, ही हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याच साली आटपाडीजवळच्या माळरानावर मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या इंजिनिअरच्या पुढाकाराने 'स्वतंत्रपूर' वसले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, त्यांची बायकामुले, राहायला घरे आणि कसायला जमीन. भोवती तट नाही, तारेचे कुंपण नाही. व्ही. शांताराम यांचा 1957चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. कथा गदिमांची, म्हणजे याच तालुक्याच्या सुपुत्राची. चित्रपट बर्लिनपर्यंत जाऊन 'सिल्व्हर बेअर' घेऊन आला. वसाहत अजून आहे. मला नेहमी वाटते, शिक्षा भोगणाऱ्यांच्या घरांना ज्या गावाने भिंत घातली नाही, त्याच गावाच्या प्लॉटांत नाकासमोर चालणाऱ्या गृहस्थांनी सात-सात फुटी भिंतींवर काचा रोवाव्यात, हे कोडे कुणी तरी उलगडावे.

थोडेफार उलगडते ते असे. खानापूर-आटपाडी भागातल्या घराघरांतून माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. तामिळनाडू-केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, आमच्याकडची बोली कानावर पडते. दुष्काळाने बाहेर घालवलेल्या या माणसांनी घाम गाळून पैसा मिळवला आणि गावावरची माया म्हणून गावातच बंगले बांधले. त्यांची ही माया खोटी नाही. पण बंगला बांधणारा वर्षाचे अकरा महिने बाहेर. दिवाळीला, यात्रेला नाही तर मे महिन्यातल्या लग्नाला यायचे आणि कुलूप लावून जायचे. कुलपासाठी बांधलेले घर कुलपासारखेच असणार. त्याला भिंत उंच हवी, खिडकीला जाळी हवी, आणि बाहेर कुणी बसायला तर मुळीच नको.

त्यातून ज्याच्या त्याच्या मळ्यात विहीर झाली, डाळिंब आले, पुढे टेंभू योजनेचे पाणी आले. रानात राखणीला माणूस हवा म्हणून गावठाणातली कुटुंबे वस्तीवर राहायला गेली. म्हणजे एक भाऊ परमुलखात, दुसरा मळ्यात, आणि गल्लीत राहिली ती म्हातारी माणसे. आता नव्या बंगल्यात ठेवायला तीच उरली आहेत.

माझ्या चुलतभावाच्या घरी असेच झाले. भाऊ वारला. पुतण्या दक्षिणेत गलाईच्या दुकानात. त्याने आईसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी, प्लॉटांत सुरेख बंगला बांधला. संडास-न्हाणीघर आत, फरशी चकचकीत, दारी नळ. गावठाणातल्या घरात वहिनींना रात्री कंदील घेऊन परड्यात जावे लागे. तेव्हा मुलाने केले ते योग्यच केले. दुसऱ्याच वर्षी एका पहाटे त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. हाका मारल्या, पण दारे बंद, खिडक्या बंद, मधे बाग, बागेपुढे भिंत. कामाला येणारी बाई दहाच्या सुमारास आली तेव्हा कळले. पाच तास त्या ओल्या फरशीवर होत्या.

त्या बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालतात. पण दवाखान्यात त्या मला जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. "भावजी, तिकडं गल्लीत असते तर सात वाजायच्या आत सोनारीण दार वाजवती. सडा पडला न्हाई म्हंजे काय तरी झालं, एवढं तिला कळतं."

सडा! रोज सकाळी दारात पडणारे चार तांब्ये पाणी आणि दोन रेघांची रांगोळी ही हजेरी असते, हे माझ्या आधी कधी डोक्यात आले नव्हते. गल्लीत कुणी कुणावर पाळत ठेवत नाही. येता-जाता दिसते एवढेच. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने 1961 साली न्यूयॉर्कच्या गल्ल्यांविषयी हेच सांगितले होते, की रस्ता सुरक्षित राहतो तो रस्त्याकडे असलेल्या घरांच्या डोळ्यांमुळे. पोलीस त्यानंतर येतात. सात फुटी भिंतीने हे डोळे बांधले जातात. चोराला भिंत चढेपर्यंतच अडचण. एकदा आत उतरला की तीच भिंत त्याला आडोसा देते.

पुतण्या धावत आला. त्याने घरभर कॅमेरे बसवले. दीड हजार किलोमीटरवरून त्याला आता फाटक दिसते. मी म्हटले, "अरे, फाटक तुला दिसतं, पण आईला कोण दिसतं?" तो म्हणाला, "तात्या, तुम्ही सांगा काय करायचं. मी करतो." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुढची भिंत चार फुटांपर्यंत उतरवायची, वर लोखंडी जाळी, म्हणजे बसल्या जागेवरून रस्ता दिसेल. भिंत आपल्याच हद्दीत तीन फूट मागे घ्यायची आणि त्या सुटलेल्या जागेत बाहेरच्या बाजूने कट्टा बांधायचा. आपल्या हद्दीत असल्याने अतिक्रमणाचा प्रश्न नाही. कट्ट्यावर सावलीला एक लिंब.

आपल्या पैशाने घेतलेली तीन फूट जागा लोकांना बसायला द्यायची, हे पुतण्याला चटकन पटेना. "टगे बसतील, तात्या. पत्ते कुटतील. पिचकाऱ्या मारतील." भीती खोटी नव्हती. पण ओट्यावर टगे बसतात ते घरात कुणी नसते तेव्हा. जिथे म्हातारी चहाची कपबशी घेऊन येऊन बसते, तिथे टगा बिडी विझवतो. वहिनींनी वाद मिटवला. म्हणाल्या, "बसू देत. बोलायला तरी कुनी गावंल."

कट्टा झाला त्याला आता तीन वर्षे होतील. आधी त्यावर बसले शाळेच्या गाडीची वाट पाहणारी पोरे, मग त्यांना सोडायला येणाऱ्या आया. समोरच्या बंगल्यातल्या बाई पाच वर्षे तिथे राहत होत्या. त्या वहिनींच्या माहेरच्या गावच्या निघाल्या! शनिवारी शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराला जाणारे मेंढके तिथे भाकरी सोडतात. पिचकाऱ्याही पडतात, त्या वहिनी ज्याच्या त्याच्याकडून धुऊन घेतात. सगळेच गोड झाले असे नाही. शेजारच्या प्लॉटवाल्याने पाहून तसाच कट्टा बांधला आणि त्यावर काटेरी झाडांच्या कुंड्या मांडल्या.

बांधून देणाऱ्यांना हे सुचत नाही असे नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात वसाहत उभी केली, त्यात सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली. चौक आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. म्हणजे पलीकडच्या दारातला माणूस ओळखू येईल आणि साध्या आवाजात हाक पोहोचेल इतकाच. घराला घर मुद्दाम चिकटवले नाही, ज्याला त्याला सवडीने वाढवता यावे म्हणून. लोकांनी पुढे घरे पाडली, वाढवली, मजले चढवले. आमच्याकडचे प्लॉट पाडताना मात्र रस्त्याची रुंदी सोडली, की 'मोकळी जागा' म्हणून एक कोपरा राखला जातो. तो बहुधा उताराचा, ओढ्याकडचा, ज्यावर घर बांधता येत नाही असा. तिथे पार कोण बांधणार? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त सगळी वाडी मिळून तालीम बांधते. ती बांधताना वाडीला जे मिळाले, ते आयत्या सभामंडपातून मिळत नाही.

आणि गल्ली जिथे शाबूत आहे, तिथेही ती नकळत मोडते आहे. सान फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस सारख्याच घरांचे तीन रस्ते तपासले. दिवसाला दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र होते. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नाही, 0.9. आमच्या गल्लीत सोळा हजार गाड्या कुठून येणार? पण ओट्याला टेकून लावलेल्या मोटारसायकली आहेतच, आणि त्याहून वाईट म्हणजे काँक्रीट. दर पाच-सात वर्षांनी जुन्या थरावर नवा थर, सहा इंचांचा. खरवडून काढायचा खर्च नको म्हणून वरच ओततात. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे. अडीच फुटांचा ओटा सव्वा फुटावर आला. त्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आता चालणाऱ्याची कंबर येते, आणि मोटारसायकलचा धूर. गेल्या पावसाळ्यात तीन घरांत गल्लीचे पाणी उंबऱ्यावरून आत आले. म्हाताऱ्यांनी ओटे सोडले आणि आत टीव्हीपुढे जाऊन बसले. लोक म्हणाले, टीव्हीने माणसे आत नेली.

यंदा पुन्हा गल्लीच्या रस्त्याचे काम निघाले आहे. मी बारा घरांच्या सह्या घेऊन अर्ज दिला: आधीचे थर उकरून काढावेत, गटाराची पातळी मूळ पायरीच्या खाली ठेवावी आणि मगच नवा रस्ता करावा. सोबत प्रत्येक ओट्याची आजची आणि मूळची उंची लिहिलेला तक्ता जोडला आहे. ठेकेदाराचा माणूस येऊन टेप लावून गेला. पायरीचा दगड किती खाली गाडला गेला आहे हे दाखवायला सोनाराच्या सुनेने पहार आणून कडेचे काँक्रीट स्वतःच फोडून दिले. खाली दुसरी पायरी निघाली, काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली.